घरच्या समारंभासाठी मातीकामाची कार्यशाळा: चाकापेक्षा टेबलावर रमा

वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस मातीकाम करत साजरा करायचा असेल, तर नवशिक्यांसाठीची दोन-अडीच तासांची कार्यशाळा हा छान पर्याय आहे. मात्र जाहिरातीत चाक दिसतं, आणि घरातल्या सगळ्यांना खरा आनंद मिळतो तो टेबलावरच्या हातकामात.

चाकाचा हिशेब बघा. 12 माणसं, 3 चाकं आणि दोन तास म्हटले, तर एकाच्या वाट्याला अर्धा तास येतो. त्यातून हात धुणं, चाक पुसणं वजा केलं की उरतात जेमतेम 20 मिनिटं. गोळा चाकाच्या बरोबर मधोमध बसवायलाच नवशिक्याचा तेवढा वेळ जातो. गोळा थोडा जरी डगमगत राहिला, तरी भिंत एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ उठते. मग घाबरून पाणी ओतलं जातं, माती मऊ पडते आणि भांडं खाली बसतं. म्हणून गोळा अर्ध्या किलोच्या आसपासचा घ्यावा, कोपर मांडीवर घट्ट टेकवावं आणि पाणी बोटं ओली राहण्यापुरतंच वापरावं. एवढं करूनही वाटी निम्मी शिक्षकाच्या हातांनीच होते. हे आधी सांगणारा स्टुडिओ आम्हाला जास्त आवडतो.

टेबलावर मात्र आजी आणि सात वर्षांची नात एकाच वेळी कामाला लागतात. पाव किलोचा गोळा तळहातात धरायचा, अंगठा मधोमध खुपसायचा, तळाला सेंटीमीटरभर माती राखायची आणि गोळा फिरवत फिरवत भिंत चिमटीत दाबत न्यायची. कडेला बारीक चिरा दिसल्या तर ओल्या बोटाने लगेच बुजवायच्या. ताटली करायची असेल तर सहा मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्यांमध्ये, कापडावर माती लाटायची. ही लाटलेली माती कधीही हाताने उचलू नये, फळीवरच सरकवावी. उचलताना आलेला बाक दाबून सपाट केला, तरी सुकताना पुन्हा वर येतो.

शिक्षकाची खरी पारख मगच्या कानावर होते. कान जिथे जोडायचा तिथे, दोन्ही बाजूंना सुईने आडव्या-उभ्या रेघा, त्यावर त्याच मातीचा दाट चिखल, नंतर घट्ट दाब. शिवाय मगचं अंग आणि त्याचा कान सारखेच ओले हवेत. कान जास्त ओला असला तर तो जास्त आकसतो आणि सांध्याला तडा जातो. एकेक सांधा स्वतः तपासणारा शिक्षक मिळाला, तर तिथे बिनधास्त जा.

भांडं त्याच दिवशी घरी मिळणार नाही. आधी आठ-दहा दिवस सावकाश सुकवणं, मग साधारण 950 ते 1000 अंश सेल्सिअसची पहिली भाजणी, नंतर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, आणि दुसरी भाजणी. स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापमानाला भाजायची कणखर माती, असेल तर ही दुसरी 1200 अंशांच्या वर जाते. सगळं मिळून तीन-चार आठवडे धरा. भेट ठरलेल्या दिवशी द्यायची असेल, तर कार्यशाळा महिनाभर आधी ठेवा. 'आजच घेऊन जा' म्हणणारे बहुधा न भाजता, हवेवर वाळणारी माती देतात. ती शोभेपुरती ठीक, पाणी त्यात टिकत नाही.

भट्टीत भांडं फुटलं की हवेच्या बुडबुड्याला दोष दिला जातो. मुख्य कारण असतं आत राहिलेली ओल. तिची वाफ होते आणि जाड तळ फोडून बाहेर पडते. त्यामुळे दीड सेंटीमीटरहून जाड काही ठेवू नये, आणि पोकळ, बंद आकृतीला सुईने छिद्र पाडलंच पाहिजे. सुकून आणि भाजून माती साधारण दहा-बारा टक्के आकसते. बाळाच्या हाताचा ठसाही तेवढाच लहान होतो, हे आई-बाबांना आधी सांगून ठेवावं. नाव मात्र तळाला सुईने कोरा. पेनाची शाई भट्टीत जळून जाते आणि कोणाची वाटी कुठली, हे कळत नाही.

नोंदणी करताना तीन गोष्टी विचारा: सहा जणांमागे एक शिक्षक आहे का, ग्लेझ खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी सुरक्षित आहे का, आणि फुटलेल्या भांड्याचं काय करतात. जमीन कोरडी झाडत असतील तर लहान मुलांना तिथे नेऊ नका, ती धूळ फुफ्फुसांना वाईट. ओल्या फडक्याने पुसणारे जाणकार.

भांडं हाती आलं की पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवा. कागद ओला झाला, तर ते सुक्या वस्तूंसाठीच वापरा.