वेस्टिंगहाऊस डीबी-50: अणुभट्टी थांबवणाऱ्या ब्रेकरचे परीक्षण

अणुभट्टी आणीबाणीत थांबवण्याची जबाबदारी शेवटी ज्या उपकरणावर येते ते दिसायला अगदी साधे असते. कोणत्याही मोठ्या कारखान्याच्या एलटी (कमी दाबाच्या विजेच्या) पॅनलमध्ये जसा एअर सर्किट ब्रेकर, म्हणजे वीजप्रवाह तोडणारा स्विच, असतो, त्याच जातीचा हा ब्रेकर असून त्याला ट्रॉलीवरून बाहेर ओढता येते आणि त्याचे संपर्क उघड्या डोळ्यांनी तपासता येतात. वेस्टिंगहाऊस कंपनीचा डीबी-50 हा त्यांतला सर्वांत जास्त चर्चा झालेला नमुना आहे. अमेरिकेतील दाबयुक्त पाण्याच्या अनेक अणुभट्ट्यांमध्ये तो बसवला गेला, आणि 1983 साली त्याच्यामुळे जे घडले त्याची सविस्तर नोंद सार्वजनिक असल्यामुळे त्याचे परीक्षण अंदाजांवर नव्हे, तर घटनांवर करता येते.

या ब्रेकरचे काम समजून घेतल्याशिवाय त्याचे गुणदोष कळणार नाहीत. अणुभट्टीतील नियंत्रक कांड्या, म्हणजे गाभ्यात शिरल्या की अणुविभाजन थांबवणाऱ्या कांड्या, विद्युतचुंबकीय कॉइलच्या पकडीत वर धरून ठेवलेल्या असतात, आणि त्या कॉइलना मोटर-जनरेटर संचांकडून मिळणारा वीजपुरवठा एकापाठोपाठ एक जोडलेल्या दोन ब्रेकरमधून जातो. दोहोंपैकी एक जरी उघडला तरी पकड सुटते आणि कांड्या स्वतःच्या वजनाने गाभ्यात पडतात. वीज गेली की भट्टी आपोआप थांबावी, हा या रचनेमागचा विचार अत्यंत योग्य आहे. ब्रेकर उघडण्यासाठी डीबी-50 मध्ये दोन मार्ग होते. पहिला अंडरव्होल्टेज कॉइलचा: संरक्षण प्रणालीने या कॉइलचा पुरवठा काढला की स्प्रिंग सुटते आणि लॅच, म्हणजे ब्रेकर जोडलेला धरून ठेवणारी खिट्टी, मोकळा करते. दुसरा शंट ट्रिपचा: त्यात कॉइलला बॅटरीचा पुरवठा देऊन लॅच जोराने ढकलला जातो. मूळ मांडणीत स्वयंचलित आदेश फक्त पहिल्या मार्गाने जात असे आणि नियंत्रण कक्षातील हाताने दिलेला आदेश मात्र दोन्ही मार्गांनी. या एका फरकानेच पुढचा सारा इतिहास घडवला.

मुख्य ब्रेकरविषयी माझी तक्रार नाही. त्याचे संपर्क, आर्क (संपर्क उघडताना उठणारी ठिणगी) विझवणारे कक्ष आणि उघडण्याची मुख्य स्प्रिंग हे सारे औद्योगिक वापराच्या कसोटीला उतरलेले आहे, आणि या जागी त्याच्यावर येणारा विद्युत भार त्याच्या क्षमतेच्या मानाने सौम्य असतो. कमकुवत होता तो त्याच्या कडेला बसवलेला अंडरव्होल्टेज जोड, म्हणजे ती कॉइल आणि तिची स्प्रिंग असलेला भाग. त्यातल्या छोट्या स्प्रिंगचा जोर आणि ट्रिप बार (लॅच सोडवणारी दांडी) उचलायला लागणारा जोर यांत पुरेसे अंतर राखलेले नव्हते. त्यामुळे घर्षण थोडे वाढले, तरी कॉइल सुटूनही लॅच हलत नसे. सुरक्षा उपकरणात हे अंतर भरघोस हवे, आणि ते नसणे ही मूळ रचनेतली उणीव आहे असे मी स्पष्टपणे म्हणेन.

न्यू जर्सीतील सेलम केंद्राच्या पहिल्या भट्टीत ही उणीव उघडी पडली. 25 फेब्रुवारी 1983 रोजी भट्टी सुरू करण्याचे काम चालू असताना आणि ती सुमारे 12 टक्के शक्तीवर असताना वाफ जनित्रातील पाण्याची पातळी फार खाली गेली, संरक्षण प्रणालीने थांबण्याचा आदेश दिला, आणि दोन्ही ब्रेकर जागचे हलले नाहीत. सुमारे अर्ध्या मिनिटाने कर्मचाऱ्यांनी हाताने ट्रिप (भट्टी थांबवण्याचा आदेश) दिली, शंट कॉइलने काम केले, आणि कांड्या पडल्या. शक्ती कमी असल्यामुळे हानी झाली नाही. चौकशीत जे आढळले ते मला या घटनेहूनही अधिक अस्वस्थ करते: तीनच दिवस आधी, 22 फेब्रुवारीला, त्याच भट्टीत तसाच आदेश आला होता आणि तेव्हाही ब्रेकर स्वयंचलितपणे उघडले नव्हते, पण कर्मचाऱ्यांनी जवळपास त्याच क्षणी हाताने ट्रिप दिल्यामुळे ते कोणाच्या लक्षातच आले नाही. भट्टी थांबली एवढे पाहिले गेले, ती कोणत्या मार्गाने थांबली हे पाहिले गेले नाही.

कारणांचा शोध घेता सारी बोटे वंगणाकडे आणि कागदपत्रांकडे वळतात. त्या जोडांची साफसफाई आणि वंगण कसे करावे याविषयी वेस्टिंगहाऊसने 1974 मध्येच सूचना काढल्या होत्या, पण केंद्राच्या देखभाल पद्धतीत त्या उतरल्या नव्हत्या. जानेवारी 1983 मध्ये या जोडांवर काम झाले तेव्हा शिफारस केलेल्या वंगणाऐवजी फवारणीचे साफसफाईचे द्रव्य वापरले गेले, आणि कामाच्या आदेशपत्रावर ब्रेकरची नोंद सुरक्षेशी संबंध नसलेले उपकरण अशी झाली. त्यामुळे गुणवत्ता विभागाची जी तपासणी व्हायला हवी होती, ती झाली नाही. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने पुढे केंद्र चालवणाऱ्या कंपनीला 8,50,000 डॉलर दंड केला. ब्रेकरच्या देखभालीशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे नवे वाटणार नाही: वाळलेले ग्रीस आणि त्यात मिसळलेली धूळ यांनी लॅच जड होतो, हे आपल्याकडच्या प्रत्येक स्विचगिअर दुरुस्ती करणाऱ्याला ठाऊक असते. फरक एवढाच, की कारखान्यात त्याची किंमत एखादी जळालेली केबल असते.

दोन ब्रेकर एकापाठोपाठ असल्यामुळे विश्वासार्हता वर्गपटीने वाढते, हा हिशोब अनेक जण सहज मांडतात. दोन्ही बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच तो खरा ठरतो. एकाच कंपनीचे, एकाच वयाचे, एकाच पॅनलमध्ये एकाच तापमानात उभे असलेले आणि एकाच माणसाने एकाच डब्यातून फवारलेले दोन ब्रेकर हे विश्वासार्हतेच्या दृष्टीने एकच ब्रेकर असतात, आणि सेलमने ते दोनदा दाखवून दिले. सॅन ओनोफ्रे केंद्रात त्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिकच्या एके-2 प्रकारच्या ब्रेकरचे अंडरव्होल्टेज जोड चाचणीत अपयशी ठरल्याने दोष एका कंपनीपुरता नाही हेही समोर आले.

त्यानंतर झालेली सुधारणा मला मनापासून आवडते. नियामक आयोगाने जुलै 1983 मध्ये सर्व केंद्रांना पाठवलेल्या 83-28 क्रमांकाच्या पत्रानंतर स्वयंचलित आदेश शंट कॉइललाही जोडला गेला, दोन्ही मार्गांची चाचणी वेगवेगळी करणे बंधनकारक झाले, आणि प्रत्येक ट्रिपनंतर भट्टी पुन्हा सुरू करण्याआधी घटनाक्रम तपासण्याची पद्धत आली. 1984 साली तर संरक्षण प्रणाली अपयशी ठरली तरी टर्बाइन थांबवणारी व साहाय्यक पाणीपुरवठा सुरू करणारी वेगळ्या घडणीची यंत्रणा बसवण्याचा नियमच झाला. ब्रेकर तोच राहिला, पण एका मार्गाचा पुरवठा तुटून आणि दुसऱ्याला पुरवठा मिळून असे परस्परविरुद्ध रीतीने ट्रिप होऊ लागल्यामुळे त्याची विश्वासार्हता खऱ्या अर्थाने वाढली. या सुधारणेशिवायच्या डीबी-50 ला मी अणुकेंद्रात जागा दिली नसती; सुधारणेनंतरच्या डीबी-50 ला, काटेकोर देखभालीच्या अटीवर, देईन.

त्याच्यानंतरच्या डीएस-416 या नमुन्याकडून अपेक्षा जास्त होत्या. मात्र 1987 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील मॅग्वायर केंद्राच्या दुसऱ्या भट्टीत या प्रकारचा एक ब्रेकर आदेश मिळूनही जोडलेल्या अवस्थेतच अडकला, कारण मुख्य शाफ्टवरील लिव्हरचे वेल्डिंग तुटून यंत्रणा जाम झाली होती. येथे अंडरव्होल्टेज किंवा शंट यांपैकी कोणताही मार्ग उपयोगी पडू शकत नाही, आणि म्हणून मी हा दोष डीबी-50 च्या दोषाहून गंभीर मानतो. नव्या नमुन्याची खरेदी करताना जुन्या दोषाचे निराकरण झाले का एवढेच विचारणे पुरेसे नाही. वेल्डिंगची तपासणी कोणी आणि कशी केली, हेही विचारले पाहिजे.

महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात तारापूर येणे स्वाभाविक आहे. तेथील रचना निराळी आहे: तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीत कॅडमियमच्या कांड्या पाडणारी एक व मंदकात (न्यूट्रॉनचा वेग कमी करणाऱ्या जड पाण्यात) गॅडोलिनियम नायट्रेटचे द्रावण सोडणारी दुसरी, अशा भिन्न तत्त्वांवरच्या दोन स्वतंत्र शमन यंत्रणा आहेत, आणि ही भिन्नता मला दोन सारख्या ब्रेकरपेक्षा कितीतरी अधिक आश्वासक वाटते.

डीबी-50 अजून वापरात असेल तेथे माझी शिफारस अशी, की ब्रेकर उघडला किंवा नाही एवढीच नोंद चाचणीत करू नये. अंडरव्होल्टेज कॉइल सुटल्यापासून संपर्क उघडेपर्यंत लागलेला वेळ आणि ट्रिप बार हलवायला लागलेला जोर प्रत्येक वेळी मोजून आधीच्या नोंदींशी ताडून पाहावा, कारण लॅच जड होऊ लागल्याची खूण ब्रेकर अडकण्याच्या कितीतरी आधी या आकड्यांत उमटते. हे मोजमाप देखभालीपूर्वी, ब्रेकर जसा सापडला त्या अवस्थेत, घ्यावे; साफसफाई करून मग घेतलेली चाचणी गेल्या महिन्यांत तो ब्रेकर खरोखर कामाचा होता की नाही, हे सांगू शकत नाही.