आखाजीच्या गावात भंगाराची शिल्पे

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींसाठी झाडांना झोके बांधतात, हे खानदेशात कोणाला सांगायला नको. यंदा मात्र चोपडा तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावात निंबाला बांधलेल्या झोक्यांपैकी एकावर लोखंडाची बाई बसली होती आणि शेजारच्या झोक्यावर खरीखुरी सासुरवाशीण गौराईचे गाणे म्हणत होती. गावातल्याच एका तरुण शिल्पकाराने शेतांच्या बांधांवरून, उकिरड्यांवरून आणि घरांच्या माळ्यांवरून गोळा केलेल्या टाकाऊ वस्तूंतून अकरा शिल्पे घडवली होती आणि सणापुरती ती गावभर मांडली होती. मी ती दोन दिवस, एकदा भर दुपारी आणि एकदा सकाळी, पाहिली. जवळपास राहणाऱ्या प्रत्येकाने ती पाहावीत असे मला मनापासून वाटते.

सर्वांत आधी पाराजवळच्या सालदाराविषयी लिहितो, कारण त्याच्यासमोरून माझा पाय निघत नव्हता. आपल्याकडे सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचे, साल आखाजीला संपते आणि नवे साल आखाजीलाच सुरू होते. जुना हिशेब मिटवून, बोचके उचलून माणूस एका दारातून दुसऱ्या दारी जातो. शिल्पकाराने नेमका तो क्षण धरला आहे. पाराच्या कडेला, रस्त्याकडे तोंड करून, एक माणूस बोचक्यावर हात ठेवून बसला आहे. त्याचा चेहरा म्हणजे गंजून मध्ये भोक पडलेले फावडे, पावलांच्या जागी टायरच्या झिजलेल्या चपला आणि पाठीचा कणा म्हणजे बैलांनी ओढायच्या बखराचे (वखराचे) बाभळीचे जुने रुमणे, म्हणजे मुठीचा दांडा. ते रुमणे मी जवळ जाऊन पाहिले. वरच्या टोकाला, जिथे मूठ धरतात तिथे, लाकूड वर्षानुवर्षांच्या घामाने काळे पडून इतके गुळगुळीत झाले आहे की त्यावर बोटांच्या जागा ओळखू येतात. शिल्पकाराने तिथे ना रंग लावला, ना पॉलिश. त्याच जागी त्याने माणसाची मान बसवली आहे. ज्या लाकडावर कोणातरी सालदाराने जन्म काढला असेल, तेच त्याचे शरीर झाले आहे, आणि हे सांगायला शिल्पाखाली एक अक्षरही लिहावे लागलेले नाही.

टाकाऊ वस्तूंतून शिल्प करणे ही नवी गोष्ट नाही. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल एकत्र जोडून बैलाचे मस्तक केले होते. नेकचंद यांनी चंदीगडमध्ये फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि फरशांचे तुकडे वापरून अख्खी बाग उभारली आणि ती १९७६ मध्ये लोकांसाठी खुली झाली. परंतु शहराच्या कचऱ्यातली फुटकी बशी कोणाच्या घरची होती हे पाहणाऱ्याला कधीच कळत नाही. या गावात ते कळते. विहिरीजवळच्या बैलजोडीसमोर उभ्या असलेल्या एका आजींनी बैलाच्या कपाळावर बसवलेल्या लोखंडी पट्टीला हात लावला आणि सुनेला म्हणाल्या, ‘‘हाई ते आमना बखरनी पास शे!’’ (ही तर आमच्या बखराची पास, म्हणजे जमिनीत चालणारे पाते, आहे!) ती पास मध्यभागी झिजून चंद्रकोरीसारखी झाली होती, आणि कोणत्या शेतातल्या मुरमाने ती अशी खाल्ली हेही त्यांनी सुनेला सांगितले. त्या बैलांच्या फासळ्या ठिबकच्या १६ मिलिमीटरच्या काळ्या नळ्यांच्या आहेत. उंदरांनी आणि खारींनी कुरतडलेल्या अशा नळ्यांची भेंडोळी आज आपल्या प्रत्येक बांधावर पडलेली दिसतात. ट्रॅक्टर आल्यानंतरच्या काळातली ही वस्तू बैलांच्या पोटात आणि कपाळावर बैलांच्याच काळातली पास, ही जोडणी शिल्पकाराने जाणूनबुजून केली आहे असे मी समजतो.

झोक्यावरच्या बाईचे लुगडे केळीच्या घडांवर चढवतात त्या निळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांचे आहे. वाऱ्याची झुळूक आली की त्या पिशव्या फुगतात, सळसळतात आणि झोका स्वतःहून हलतो. मुलींनी तिच्या लोखंडी हातात हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. हे शिल्पकाराने केलेले नव्हते आणि त्याने ते काढायलाही लावले नाही, याबद्दल त्याचे कौतुक वाटते.

धुळ्याजवळच्या गोंदूर गावी जन्मलेल्या राम सुतार यांनी १८२ मीटर उंचीच्या सरदार पटेलांच्या पुतळ्याची रचना केली, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. मात्र त्यामुळे शिल्प म्हटले की चौथऱ्यावरचा, मान वर करून पाहायचा पुतळाच आपल्या डोळ्यांपुढे येतो. इथे एकाही शिल्पाला चौथरा नाही. सालदाराच्या शेजारी म्हातारी माणसे येऊन बसतात, पत्त्यांचा डाव मांडतात, आणि एकाने तर आपली टोपी त्याच्या गुडघ्यावर काढून ठेवली होती.

सगळी अकरा शिल्पे या तोडीची नाहीत. ग्रामपंचायतीसमोरच्या मोराला हिरव्या-निळ्या ऑइलपेंटचे असे जाड थर दिले आहेत की तो कशाचा केला आहे हे ओळखूच येत नाही. तो बाजारातून आणला असता तरी चालले असते. शाळेजवळच्या घोड्यासाठी सायकलच्या साखळ्या कुठल्याशा भंगारच्या दुकानातून विकत आणल्याचे शिल्पकारानेच मोकळेपणाने सांगितले. घोड्याची आयाळ देखणी आहे, पण गावाशी त्याचे नाते जुळत नाही, आणि लोकही त्याच्यापाशी फोटोपुरतेच थांबतात. तीन-चार शिल्पे कमी मांडली असती आणि त्या वेळात सालदाराच्या घराची एखादी बाई, एखादे पोर घडवले असते, तर पाराजवळ ते एकटेपण अधिक बोलके झाले असते की कमी, याचा विचार मी परतीच्या वाटेवर करत होतो.

व्यवस्थेबद्दल दोन तक्रारी आहेत. वैशाखात जळगाव जिल्ह्याचा पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि दुपारी बारानंतर उघड्यावरचे लोखंड अक्षरशः चटका देते. बैलांच्या पाठीवर चढू पाहणाऱ्या एका लहान मुलाचा तळहात माझ्यासमोर पोळला. विहिरीजवळ साधा पऱ्हाटीचा मांडव घातला असता तरी हे टळले असते. दुसरे म्हणजे पत्र्याच्या कापलेल्या कडा कानशीने घासून बोथट करायला हव्या होत्या, विशेषतः मुलांच्या उंचीला येतात तिथे. प्रवेशाला पैसे नव्हते. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हाताने काढलेला नकाशा चिकटवला होता, पण त्याचा उपयोग करावा लागला नाही, कारण प्रत्येक घरातून कोणीतरी पुढचे शिल्प कुठे आहे ते सांगत होते, आणि दोन घरांनी तर सांजोऱ्या खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ दिले नाही.

सकाळी नऊच्या आत किंवा ऊन कलल्यावर जावे. सुरुवात विहिरीपासून करून पाराजवळ शेवट करावा, आणि शक्य तर गावातल्या एखाद्या वयस्कर माणसाला बरोबर घ्यावे, कारण कोणता तुकडा कोणत्या अवजाराचा हे तरुण मंडळींना आता ओळखता येत नाही. सण आटोपल्यावर बखराची पास आजींच्या घरी परत जाणार आहे, असे शिल्पकाराने सांगितले. सालदाराचे काय करायचे हे अजून ठरलेले नव्हते. गावाने त्याला पाराजवळच राहू द्यावे, अशी माझी विनंती आहे.