पैसे दिले वाजवणाऱ्या बाहुलीचे, आली हात हलवणारी

३७,८५० रुपये गेले. झायलोफोन, म्हणजे पट्ट्यांवर काठी आपटून वाजवायचं वाद्य, वाजवणारी रोबोटिक बाहुली बनवत होतो. चेहरा, कपडे, सांगाडा माझा. हातांची यंत्रणा तेवढी ऑनलाइन भेटलेल्या एका ‘कारागिरा’कडून. १७,००० आगाऊ, १७,००० पाठवण्याआधी आणि ऐनवेळी पॅकिंग-विम्याच्या नावाखाली ३,८५०. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

ठरल्या होत्या धातूच्या गिअरच्या एमजी९९६आर मोटर. डबा उघडला तर आत दोन निळ्या एसजी९०, ९ ग्रॅमच्या, प्लास्टिकच्या दात्यांच्या. शेजारी कार्डावरचं गाणं वाजवणारं डीएफप्लेअरचं चिमुकलं मॉड्यूल, मेमरी कार्ड आणि ग्लू गनने चिकटवलेला स्पीकर. कार्डावर एकच फाइल. काठी पट्टीच्या बोटभर वर नुसती हलते, गाणं डब्यातून वाजतं! अशा प्रत्येक हाताला आडवं फिरायला एक आणि आपटायला एक, अशा किमान दोन मोटर लागतात. मोटर मोजून घ्या, फोटोत दिसत नसतील तर पुढे बोलूच नका.

मला जाळतो तो त्याच्या जाहिरातीतला व्हिडिओ. काठी उजवीकडच्या आखूड पट्टीवर पडते आणि सूर येतो खर्जातला. आखूड पट्टीचा सूर चढा असतो, हे मला झोपेतही माहीत आहे. शिवाय सर्व्हो मोटरची किरकिर अजिबात नाही. मी विचारलं होतं, हे लक्षात घ्या. म्हणाला, “मोटरचा आवाज नको म्हणून ऑडिओ वेगळा जोडलाय.” तसं सगळेच करतात, मीही केलंय. संशय घ्यायचा तरी कसा?

थेट व्हिडिओ कॉलवर त्याला एका पट्टीवर बोट दाबून ठेवायला सांगा. सूर दबला तर खरं, तसाच घुमला तर फोन ठेवा.

बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. पेमेंट ॲप म्हणालं, विक्रेत्याशी बोला. विक्रेत्याने केव्हाच ब्लॉक केलेलं. पोलिसांत गेलो, तर साहेबांनी डबा टेबलावरच चालू केला.

“हात हलतात ना?”

“हलतात, पण...”

“गाणं वाजतं ना?”

“वाजतं, पण साहेब...”

“मग वस्तू मिळाली की! हा दिवाणी वाद.” मागे दोन शिपाई गाण्यावर माना डोलवत होते. १७७४ सालच्या, स्विस घड्याळजी जाके-द्रोंच्या यांत्रिक वादिकेची बोटं ऑर्गनच्या कळा खरोखर दाबतात, यंत्राने खरं वाद्य वाजवणं ही काही माझी अवास्तव अपेक्षा नाही, हे मी कुणाला समजावणार? अर्ज घेतला, पोच मात्र मागूनही दिली नाही. पुन्हा गेलो तर अर्जच सापडेना. पोच घेतल्याशिवाय हलू नका. आणि डबा उघडताना सलग व्हिडिओ काढा, माझ्याकडे तोही नव्हता.

पूर्ण रक्कम आधी कुणालाच देऊ नका, कितीही गोड बोलला तरी. त्याची जाहिरात अजून चालू आहे. व्हिडिओ तोच, किंमत तेवढी ४१,००० केलीय.