सिनेमा लोकलमध्ये बघावा की दादरला उतरून?

घर डोंबिवली-कल्याणला, नोकरी दक्षिण मुंबईतल्या कॉलेजात आणि सिनेमावाचून करमत नाही, अशा माणसापुढे हा प्रश्न दर आठवड्याला असतो. डाउनलोड करून गाडीत बघायचा, की कॉलेज सुटल्यावर थिएटर गाठायचं? मी दोन्ही करते, पण दोन्हींना सारखं मोल द्यायला तयार नाही.

वेळेचा हिशेब लोकलच्या बाजूने आहे. डोंबिवली ते सीएसएमटी फास्टने तास-सव्वा तास, म्हणजे जाता-येता मिळून एक हिंदी सिनेमा सहज संपतो. अट एकच, बसायला मिळायला हवं. डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल पकडली तर जागा मिळण्याची आशा असते. कल्याणहून भरून आलेल्या गाडीत पर्समधून मोबाइल काढणंही जमत नाही.

गर्दीचं एक वेळ सोडा. सिनेमाचं खरं नुकसान होतं ते आवाजाचं आणि उजेडाचं. गाडीच्या खडखडाटात संवाद कळावेत म्हणून आवाज वाढवावा लागतो, आणि दिग्दर्शकाने मुद्दाम हलके ठेवलेले आवाज, म्हणजे लांबचा भोंगा, शेजारच्या खोलीतली कुजबुज, त्यात बुडून जातात. शांतता तर उरतच नाही. नॉइज कॅन्सलिंगचे हेडफोन लावले तर ऐकू बरं येतं, पण मग स्टेशनची घोषणा कानावर पडत नाही, आणि वेळेत दाराकडे सरकलं नाही तर उतरणं अवघड. रात्रीचा प्रसंग असेल आणि खिडकीतून ऊन येत असेल तर काळ्या स्क्रीनवर आपलाच चेहरा दिसतो. जुन्या सिनेमांची तर फारच परवड होते. त्यांची चौकट १.३७:१ अशी जवळपास चौकोनी, आणि हल्लीचे मोबाइल लांबुळके. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आणि मधे काडेपेटीएवढं चित्र! ज्या कॅमेरामनने त्या चौकटीचा कोपरा न् कोपरा विचार करून भरला, त्याचं काम असं बघताना मला खरंच वाईट वाटतं.

तरी लोकल मी सोडणार नाही, कारण दुसऱ्यांदा बघायला तिच्यासारखी जागा नाही. आधी पडद्यावर बघितलेला सिनेमा थांबवत, मागे नेत, एकच प्रसंग चार वेळा बघायचा, हे थिएटरात शक्यच नाही. कादंबरीवरून केलेल्या सिनेमातली कोणती दहा मिनिटं वर्गात दाखवायची, हे मी गाडीतच ठरवते. लघुपटही इथे छान बसतात. वीस मिनिटांचा असेल तर ठाणे ते दादर या टप्प्यात पूर्ण होतो.

आता थिएटर. सीएसएमटीच्या पासवर दादरला उतरायला जादा पैसे लागत नाहीत, आणि पश्चिमेला प्लाझा स्टेशनपासून चालत आहे. मराठी सिनेमासाठी तर माझा आग्रहच आहे की पहिल्या आठवड्यातच जा. पहिल्या शनिवार-रविवारच्या गर्दीवर पुढचे खेळ ठरतात. सोमवारनंतर तो दुपारच्या अडनिड्या वेळी ढकलला गेला की नोकरी करणाऱ्याला मिळतच नाही. कॉलेज चर्चगेटजवळ असेल तर १९३८चं इरॉस २०२४मध्ये आयमॅक्स पडद्यासह पुन्हा सुरू झालंय. भव्य दृश्यांच्या सिनेमासाठी तिथे पैसे घालावेत. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आणि त्यावरच्यावर १८, त्यामुळे सिंगल स्क्रीनचं स्वस्त तिकीट आणखी परवडतं.

परतीचं बघायचं तर साडेसहाचा खेळ मला सगळ्यात सोयीचा वाटतो. सव्वानऊला बाहेर पडलं की दादरच्या फास्टमध्ये सातची चेंगराचेंगरी नसते. घरी पोचायला पावणेअकरा वाजतात, म्हणून दुसऱ्या दिवशी साडेसातचं लेक्चर असेल तर हा बेत करू नये. सेमिस्टरचं टाइमटेबल हातात आलं की उशिरा सुरू होणारा दिवस शोधा आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी जा.

परदेशी आणि जुने अभिजात सिनेमे बघायचे असतील तर फिल्म सोसायटीचं सभासदत्व घ्याच. प्रभात चित्र मंडळ १९६८पासून मुंबईत हे काम करतंय. चर्चा करणारी माणसं भेटतात, हा मला तिकिटापेक्षा मोठा लाभ वाटतो. खेळ रविवारी असेल तर मेगाब्लॉक बघून निघा.

नोकरी कायम असेल तर माझं मत सरळ आहे: नवा सिनेमा पडद्यावर, बघितलेला गाडीत. तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत शिकवणाऱ्यांचं गणित वेगळं. संध्याकाळी दमलेलं असताना आणि लेक्चरवर पैसे मिळत असताना त्यांना रात्रीचा खेळ परवडत नाही. त्यांनी सकाळचं आणि संध्याकाळचं कॉलेज यांच्या मधली रिकामी दुपार धरावी. आठवड्याच्या मधल्या दिवसांत मल्टिप्लेक्सचंही तिकीट बहुधा शनिवार-रविवारपेक्षा स्वस्त असतं, आणि दुपारी लोकलमध्ये बसायलाही मिळतं.