बामणोलीला बॅकवॉटरच्या काठी टेंटमध्ये राहिलो, जावं का?

डिसेंबरात आम्ही चौघं शनिवारचे बामणोलीला शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या काठी टेंटमध्ये राहून आलो. कॅम्पचं नाव टाकत नाही, तिथली पोरं वागायला खरंच चांगली होती. साताऱ्याहून कासवरून पस्तीसेक किलोमीटर, रस्ता सगळा वळणाचा, अंधार पडायच्या आत पोचा.

फोनवर सांगितलेलं 'एकदम शांत, जंगलातलं लोकेशन सर'. आता जंगल खरं आहे, पलीकडचा काठ म्हणजे कोयना अभयारण्य, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातलं, पण ते पलीकडे! अलीकडे साडेदहापर्यंत एका कॅम्पात डीजे आणि बाजूच्यात कराओके, आणि मध्ये आम्ही शेकोटीला बसून एकमेकांशी ओरडून बोलतोय.

टेंट पाण्याला लागून हवा हा हट्ट आमचाच, आणि तो नडला. कोयनेचं पाणी बोगद्यातून पोफळीला वीज करायला जातं ना, त्यामुळे पावसाळा संपला की पाणी उतरत जातं आणि जो काठ उघडा पडतो तो सगळा उताराचा. रात्रभर स्लीपिंग बॅगसकट घसरत होतो, सकाळी चौघंही दाराच्या चेनशी गोळा झालेलो. त्यात बाहेरचं कव्हर नीट ताणलं नव्हतं, ते आतल्या कापडाला चिकटलेलं, पहाटे तोंडावर टपटप थेंब. मित्र म्हणाला पाऊस आला रे, चेन उघडून बघतो तर टिपूर चांदणं, आणि ते पाणी म्हणजे आमचाच श्वास गार पडून गळत होता. ह्याचे माणशी बाराशे घेतले.

जेवणात चिकनवर तेलाचा बोटभर तवंग, पण गावातल्या मावशी चुलीवर नाचणीच्या भाकऱ्या करत होत्या त्या आणि ठेचा, मी चार खाल्ल्या, नंतर मोजायचं सोडलं.

पण पहाटेसाठी मी परत जाईन. साडेसहाला पाण्यावर इतकं धुकं की लाँच दिसतच नाही, नुसती इंजिनाची फटफट जवळजवळ येते आणि मग एकदम तिचं नाक धुक्यातून बाहेर. आम्ही चहा हातात धरून बघतच राहिलो, गार झाला तरी कळलं नाही.

वासोटा करायचा असेल तर वनखात्याची परवानगी बामणोलीतच काढा, तिथून बोटीने तास-दीड तास, किल्ल्यावर मुक्काम करू देत नाहीत आणि संध्याकाळच्या आत परत यायचं. बोट अख्खी ठरवावी लागते, चौघांना महाग पडते, आम्ही पुण्याच्या एका ग्रुपला चिकटलो. प्लॅस्टिकच्या बाटल्या कमीच न्या, तपासतात.

पुढच्या वेळी मधल्या वारी, आणि टेंट वरच्या सपाट खाचरात. पाणी लांब राहिलं तर राहू दे.