अ‍ॅमेझॉन पे आयसीआयसीआय कार्ड: पाच टक्के कुठे मिळतात, कुठे निसटतात

अ‍ॅमेझॉन आणि आयसीआयसीआय बँकेच्या या क्रेडिट कार्डचं खरं बळ म्हणजे सरळ हिशेब. प्रवेश फी नाही, वार्षिक फी नाही. एक रिवॉर्ड पॉइंट म्हणजे एक रुपया, आणि बिल निघाल्यावर रक्कम आपोआप अ‍ॅमेझॉन पे बॅलन्समध्ये, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या वॉलेटमध्ये जमा होते. इतर बऱ्याच कार्डांवर पॉइंटची किंमत २५ पैशांवर येते, वर ते वटवायला ९९ रुपये अधिक जीएसटी कापतात. ती कटकट इथे नाही.

अ‍ॅमेझॉनवरच्या खरेदीवर प्राइम (अ‍ॅमेझॉनची पैसे भरून घ्यायची सदस्यता) असणाऱ्याला ५ टक्के मिळतात, इतरांना ३. रिचार्ज, बिलं, गिफ्ट कार्ड आणि अ‍ॅमेझॉन पे स्वीकारणाऱ्या भागीदार कंपन्यांकडे २. बाकी ठिकाणी १. पेट्रोल, सोनं, घरभाडं आणि ईएमआयवर शून्य. पेट्रोलवर फक्त १ टक्का सरचार्ज माफ होतो.

निव्वळ कार्डासाठी प्राइम घ्यावं का? फरक २ टक्क्यांचा. वर्षाचे १४९९ रुपये धरले, तर ते वसूल व्हायला अ‍ॅमेझॉनवर वर्षाला जवळपास ७५ हजारांची खरेदी हवी. तेवढी होत नसेल तर ३ टक्केच परवडतात. प्राइम आधीच असेल, तर मोठी खरेदी करण्यापूर्वी त्याची मुदत बघून घ्या.

पैसे निसटतात ते बॅलन्सच्या वापरात. गिफ्ट कार्डाने आधी बॅलन्स भरून मग खरेदी केली, की ५ ऐवजी २ टक्केच हाती येतात. जमा झालेला रिवॉर्ड पुन्हा अ‍ॅमेझॉनच्याच खरेदीत खर्च करणंही तोट्याचं, कारण बॅलन्समधून भरलेल्या रकमेवर कार्ड काहीच देत नाही. तो बॅलन्स महावितरणच्या बिलाला किंवा रिचार्जला वापरा आणि खरेदी पूर्ण कार्डावर करा. पैसे भरण्याच्या पानावर बॅलन्ससमोरची खूण आधीच केलेली असू शकते, ती काढायला विसरू नका.

‘नो कॉस्ट ईएमआय’, म्हणजे व्याजाइतकी सूट देऊन दिलेले हप्ते, हा दुसरा सापळा. ३० हजारांचा फ्रिज सरळ कार्डावर घेतला तर प्राइम सदस्याला १५०० रुपये परत मिळतात. तोच ईएमआयवर घेतला तर रिवॉर्ड शून्य, शिवाय व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी आणि बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी. हातात पैसे असतील तर ईएमआय घेऊच नये.

किराणा दुकानात हे कार्ड फारसं कामाचं नाही. स्वाइपवर १ टक्का मिळतो, पण हे व्हिसा कार्ड आहे आणि व्हिसा कार्ड यूपीआयला जोडता येत नाही. क्यूआर कोडसाठी रुपे क्रेडिट कार्ड वेगळं लागतं.

थकबाकी ठेवणाऱ्याने मात्र या कार्डाच्या वाटेला जाऊ नये. २० हजारांच्या खरेदीवर १००० रुपये मिळाले आणि बिल थकलं, तर महिना पावणेचार टक्क्यांनी ७५० रुपये व्याज, त्यावर १३५ रुपये जीएसटी. व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं, म्हणजे दीड महिन्याच्या आत सगळा रिवॉर्ड साफ. नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. त्यामुळे कार्ड हातात येताच ऑटोपे, म्हणजे खात्यातून आपोआप बिल भरण्याची सोय लावा, आणि त्यात किमान देय रक्कम नव्हे, एकूण देय रक्कम निवडा.