जावा सर्व्हरची मेमरी: राखीव ह्यूज पेजेस की टीएचपी?

जावाचा हीप, म्हणजे प्रोग्रामच्या ऑब्जेक्ट्ससाठीची मेमरी, सुरुवातीला केवढा असावा (एक्सएमएस) आणि जास्तीत जास्त केवढा (एक्सएमएक्स), या दोन्हींना सारखाच आकडा दिला की बहुतेकांची मेमरी सेटिंग्ज आटोपतात. पण हीप आठ-दहा जीबीच्या पुढे गेला की आणखी एक निर्णय उरतो. हा हीप लिनक्सच्या साध्या 4 केबी पेजेसवर, म्हणजे मेमरीच्या तुकड्यांवर, बसवायचा की 2 एमबीच्या ह्यूज पेजेसवर? आणि ह्यूज पेजेसच हवी असतील, तर ती आधीच बाजूला काढून ठेवायची, की ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस, म्हणजे टीएचपीच्या भरवशावर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जमेल तशी देईल म्हणून सोडून द्यायचं? वाइल्डफ्लाय, टॉमकॅट, वेबलॉजिक, कुठलाही जावा सर्व्हर चालवत असा. हा मामला हॉटस्पॉट जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारं इंजिन) आणि कर्नल यांच्यातला आहे.

फरक कुठे पडतो ते आकड्यांत बघा. 16 जीबीच्या हीपला 4 केबीची जवळपास 42 लाख पेजेस लागतात, 2 एमबीची फक्त 8192. पत्ते भाषांतरित करून लक्षात ठेवणारा प्रोसेसरमधला टीएलबी छोटा असतो. इंटेलच्या स्कायलेक सर्व्हर प्रोसेसरात त्याच्या दुसऱ्या पातळीवर 1536 नोंदी मावतात. साध्या पेजेसवर तेवढ्यात जेमतेम 6 एमबी मेमरी झाकली जाते, ह्यूज पेजेसवर 3 जीबी. नको झालेले ऑब्जेक्ट्स साफ करणारा गार्बेज कलेक्टर तर अख्खा हीप पालथा घालतो, त्यामुळे फायदा बऱ्याचदा आधी तिथेच दिसतो.

राखीव पेजेसचा मार्ग कागदावर अगदी सरळ आहे. व्हीएम डॉट एनआर-ह्यूजपेजेस या सेटिंगमध्ये आकडा टाकायचा आणि जेव्हीएमला यूज-लार्ज-पेजेस हा फ्लॅग द्यायचा. ही मेमरी स्वॅप होत नाही (डिस्कवर ढकलली जात नाही) आणि दुसरं कोणी तिला हात लावत नाही. प्रॉडक्शनमध्ये ज्याला आश्चर्यांचा कंटाळा आहे, त्याला हे आवडतं.

गोम अशी की आकडा चुकला तर हा मार्ग दुप्पट महागात पडतो. 32 जीबीच्या मशीनवर 16 जीबी हीपसाठी तुम्ही मोजून 8192 पेजेस राखली, असं धरा. पण कोड कॅश (जेव्हीएमनं तयार केलेल्या मशीन कोडची जागा) आणि जी-वन या गार्बेज कलेक्टरची स्वतःची टेबलंही यातूनच पेजेस मागू शकतात. हीपची पाळी येईपर्यंत काही पेजेस कमी पडली, तर जेव्हीएम लॉगमध्ये एक ओळीची वॉर्निंग टाकतं आणि निमूटपणे साध्या पेजेसवर सुरू होतं. आता राखलेली जवळपास 16 जीबी मेमरी रिकामी पडून आहे, तिला साधा फाइल कॅशही वापरू शकत नाही, आणि उरलेल्या 16 जीबीत अख्खा हीप, थ्रेड स्टॅक्स, मेटास्पेस (क्लासेसच्या माहितीची जागा) आणि ऑपरेटिंग सिस्टम कोंबलेली. काही तासांनी ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग, येतो आणि सगळे अ‍ॅप्लिकेशनमध्ये लीक शोधत बसतात. म्हणून हीपपेक्षा काही शे पेजेस जास्तच राखावीत आणि सर्व्हर सुरू झाल्यावर मेमइन्फो या कर्नलच्या फाइलीत ह्यूजपेजेस-फ्री खरंच उतरलंय का, निदान ह्यूजपेजेस-रिझर्व्ड चढलंय का, ते बघावं.

बरेच दिवस चाललेल्या मशीनवर मेमरीचे तुकडे झालेले असतात. तिथे 8700 मागितली तर कर्नल मिळतील तेवढीच देतो आणि तक्रारही करत नाही. त्यामुळे ही पेजेस बूटच्या वेळीच राखलेली बरी. जेव्हीएमला शेअर्ड मेमरीच्या वाटेनं ती घ्यायला लावलं असेल तर मेमलॉकची (मेमरी कुलूपबंद ठेवण्याची) मर्यादाही वाढवावी लागते. सर्व्हर सिस्टमडी या सर्व्हिस-मॅनेजरमधून सुरू होत असेल, तर लिमिट्स डॉट कॉन्फमधला आकडा तिथपर्यंत पोचतच नाही. तो युनिट फाइलीत लिहावा लागतो.

टीएचपी 2011 साली कर्नल 2.6.38 मध्ये आलं आणि लगेच बदनामही झालं. ओरॅकल आणि रेडिस या डेटाबेसवाल्यांनी ते बंद ठेवायला सांगितलं. त्यांची कारणं खरी आहेत, पण ती डेटाबेसची कारणं आहेत. रेडिस फोर्क करतं, म्हणजे स्वतःची दुसरी प्रत उभी करतं, आणि जुन्या कर्नलवर त्यानंतर एक बाइट बदलला तरी 2 एमबीची कॉपी व्हायची. जावा सर्व्हर असं काही करत नाही. तेव्हा डेटाबेसवाल्यांची चेकलिस्ट पाहून अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर सरसकट नेव्हर मोड (टीएचपी पूर्ण बंद) लावून टाकणं मला पटत नाही.

ऑलवेजही नको. त्या मोडमध्ये ज्यानं मागितलं नाही त्यालाही मोठी पेजेस मिळतात, आणि जुन्या जेव्हीएममध्ये थ्रेड स्टॅक्ससुद्धा त्यात सापडून फुगायचे. मॅडव्हाइज मोड ठेवा आणि जेव्हीएमला यूज-ट्रान्सपरंट-ह्यूज-पेजेस द्या, म्हणजे जो मागेल त्यालाच मिळेल. त्याच्या जोडीला ऑलवेज-प्री-टच हा फ्लॅग हवाच, म्हणजे जेव्हीएम सुरू होतानाच सगळा हीप एकदा हाताळून घेतं. टीएचपीचं डीफ्रॅग सेटिंग मॅडव्हाइजवर असेल तर मोठं पेज देण्यासाठी कर्नल त्याच क्षणी मेमरी आवरायला घेतो, आणि तोवर थ्रेड अडकून राहतो. प्री-टचमुळे ही झटापट सर्व्हर सुरू होतानाच उरकते, ग्राहकाच्या रिक्वेस्टमध्ये येत नाही. सुरू व्हायला थोडा वेळ लागतो, तो लागू द्या. झेडजीसी हा गार्बेज कलेक्टर वापरत असाल तर शेअर्ड मेमरीचं टीएचपी सेटिंग वेगळं आहे. शमेम-एनेबल्डला अ‍ॅडव्हाइज केल्याशिवाय काहीच होणार नाही.

माझं मत टीएचपीकडे झुकतं, ते मुख्यतः डिप्लॉयमेंटमुळे. जुना सर्व्हर चालू ठेवून शेजारी नवा उठवायचा असेल, तर राखीव पेजेस दोघांना पुरणार नाहीत, दुसरा गुपचूप साध्या पेजेसवर जाईल. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसमध्ये तर पेजेस नोडवर (मशीनवर) आधीच राखावी लागतात, रिक्वेस्ट आणि लिमिट सारखीच द्यावी लागते, आणि पॉड (कंटेनरचा गट) फक्त तशाच नोडवर जातो. टीएचपीला यातलं काही लागत नाही. मोठी पेजेस कमी पडली तर तेवढ्याच भागात लहान वापरली जातात, मेमरी वाया जात नाही.

राखीव पेजेस मी एकाच परिस्थितीत निवडेन: मशीन त्या एकाच जेव्हीएमला वाहिलेलं, हीप वीसेक जीबीच्या वर आणि महिनोन्‌महिने न बदलणारा, शिवाय लेटन्सीचा (उत्तराला लागणाऱ्या वेळेचा) करार कडक. तिथे एक्सएमएस कमी ठेवून मेमरी वाचवायचा विचार सोडून द्या. राखीव पेजेसवर जेव्हीएम पूर्ण एक्सएमएक्स सुरुवातीलाच ताब्यात घेतं आणि परत करत नाही.

दोन-तीन जीबी हीपच्या छोट्या सर्व्हिसेससाठी दोन्ही विसरा. तिथे कंटेनरची लिमिट आणि हीप यांच्यात पुरेशी जागा सोडली आहे का, हे आधी तपासा. लिमिट 2 जीबी आणि एक्सएमएक्सही 2 जीबी अशी कॉन्फिग अजूनही सर्रास दिसते, आणि तिला कुठलंही पेज वाचवू शकत नाही.